एकही टवका नाही

काल जुनी खेळणी जमवणारे एक गृहस्थ कोथरूडच्या घरी आले होते, आमची गोट्यांची पेटी अस्सल आहे का ते पाहायला. झाकण उघडलं, जुन्या पुठ्ठ्याचा आणि डांबरगोळ्यांचा वास आला आणि मी पुन्हा लहान होऊन आमच्या शोकेससमोर उभी राहिले.

ही पेटी मामाने परदेशातून दादासाठी आणली होती. आईने ती काचेआड ठेवली, आल्यागेल्याला दाखवायला. एका दुपारी दादाने हळूच एक निळी गोटी काढून खिडकीत धरली. तिच्यातली नागमोडी रेघ उन्हात पेटली आणि एक निळा डाग त्याच्या गालावर हलू लागला. तेवढ्यात आई आली.

"ठेव ती जागेवर. टवके उडतील. मोठा झालास की खेळ."

दादाने गोटी सदऱ्याला पुसली आणि तिच्या खळग्यात परत ठेवली. किती शहाणा माझा दादा, असं मला वाटलं होतं. त्याच वर्षी तो काविळीने गेला.

गृहस्थ भिंगाखाली एकेक गोटी फिरवत होते. "गोटीवर गोटी आपटली की बारीकसा तरी टवका उडतोच. तो लपत नाही."

मीही वाकून टवका शोधत होते. आई झोपलेली असताना, एकदा तरी, चोरून तरी तो खेळला असेल.

शेवटची गोटी ठेवून त्यांनी भिंग मिटलं.

"अहो, भाग्यवान आहात तुम्ही. या गोट्यांनी कधी कोणी खेळलेलंच नाही."