घड्याळजींनी खोललेला संगणक

घड्याळजींचं दुकान बंद पडलं तेव्हा पोटापाण्याची चिंता नव्हती. मुलगा लांब होता, पण त्याचं लक्ष होतं. अडचण वेगळी होती. बायको जाऊन चार वर्षं झालेली. सकाळी दूध घेताना "अर्धा लिटर" म्हटलं की दिवसभराचं बोलणं संपायचं. म्हणून एकसष्टाव्या वर्षी ते संगणक दुरुस्तीच्या वर्गात जाऊन बसले. वर्ग भरायचा एका दुरुस्तीच्या दुकानात, मागच्या खोलीत. पुढे लांब टेबलाशी पाच कारागीर बसत आणि दिवसभर एकमेकांची खेचत. सहावी खुर्ची रिकामी होती. घड्याळजींना ती हवी होती.

मालकांनी अट घातली : अख्खा संगणक खोलायचा, परत जोडायचा आणि तो अर्धा तास विनातक्रार चालला पाहिजे. मग काम तुमचं.

घड्याळजींनी त्या टेबलाच्या कडेला पांढरं फडकं अंथरलं. रॅमची पट्टी, हार्ड डिस्क, वीजपुरवठ्याचा डबा, पंखा आणि पंख्याखालचा प्रोसेसर. स्क्रू निघतील तसे ते गोलाकार मांडत गेले.

"काका, घड्याळ होईल हं त्याचं," एक कारागीर म्हणाला.

"होऊ दे. तू तरी वेळेवर येशील."

पाचही जण हसले. घड्याळजींना इतकं बरं वाटलं, की हातातला स्क्रू कितवा हेच ते क्षणभर विसरले.

प्रोसेसरच्या पाठीवर राखाडी लगदा वाळला होता. जुनं वंगण यंत्रात ठेवायचं नाही, हा त्यांचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. त्यांनी तो स्पिरिटने पुसून प्रोसेसर आरशासारखा लख्ख केला आणि सगळं जागच्या जागी बसवलं.

संगणक सुरू झाला. शिकवणाऱ्या बाईंनी त्याला जड काम लावलं. सातव्या मिनिटाला पडदा काळा झाला.

बाईंनी पंखा काढून पाहिला. "काका, इथली पेस्ट कुठे गेली?"

"पुसली. घाण होती."

"अहो, घाण कसली! प्रोसेसरची उष्णता तिच्यातूनच वर जाते. ती नाही म्हणून तो तापून बंद पडला."

"म्हणजे साफ केलं म्हणून बिघडलं?"

"फारच साफ केलंत."

टेबलावर हशा पिकला. या वेळी घड्याळजी हसले नाहीत. "बाई, एकदा परत करू द्या," ते म्हणाले. बाईंनी पेस्टची नळी पुढे केली. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट बरोबर मध्यावर सोडली.

अर्धा तास झाला. पाऊण झाला. संगणक चालूच होता. मालक वाकून बघत राहिले.

"काय हात आहे हो तुमचा! काम पक्कं. पण तुम्हाला या गोंगाटात कशाला बसवू? यंत्रं घरीच पाठवत जाईन. निवांत करा."

"मी इथे बसलो तरी चालेल."

"छे, ही पोरं डोकं खातील तुमचं."

मालकांना तो मान वाटत होता. घड्याळजींनी मान डोलावली.

कारागीर उठून गेले. बाई पर्स आवरत होत्या.

"पंख्याचे स्क्रू समोरासमोरचे आवळायचे ना?" घड्याळजींनी विचारलं. पहिल्याच आठवड्यापासून त्यांना ते येत होतं.

"हो."

"आणि रॅमची खाच?"

"काका, तुम्हाला सगळं येतं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी टेबलावरचा दिवा बंद केला.