सौम्य बाटली आधी

चष्म्याची भिंगं घासण्यात बावीस वर्षं काढलेली बाई गाड्यांना पॉलिश करायला लागली, तेव्हा ते नणंदेशिवाय कोणालाच पटलं नव्हतं. नणंदेलाही फार पटलं होतं असं नाही. तिला माणूस हवं होतं आणि वहिनी घरी बसून होत्या.

भिंगं बाहेरून तयार यायला लागली आणि वहिनींचा कारखाना बंद झाला. वय सत्तेचाळीस. नणंदेचं गाड्या रंगवायचं वर्कशॉप होतं. जेमतेम तीन गाड्या मावतील एवढी जागा, वर पत्रा, एका टोकाला रंगाची बंद खोली, दुसऱ्या टोकाला पॉलिशचा कोपरा. दोन्हीकडचं काम तिथले जुने कारागीर, उस्ताद, बघायचे. पण उस्तादांचा उजवा खांदा धरला आणि पॉलिशचं जुनं जड मशीन त्यांना पेलवेना. म्हणून नणंदेने नवं हलकं मशीन आणलं. त्याची तबकडी नुसती गरगर फिरत नाही, फिरता फिरता डुलतेही. भोवरा पडायच्या आधी डगमगतो ना, तशी. उस्तादांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव ‘डुलकं’ ठेवलं आणि त्याला हात लावायचं नाकारलं.

“वन्सं, मला गाड्यांतलं काही कळत नाही,” वहिनी म्हणाल्या.

“तुम्हाला ती चालवायची नाही, वहिनी. घासायची आहे. आणि घासणं तुमच्याइतकं कोणाला कळतं?”

पहिल्याच महिन्यात फजिती झाली. गडद हिरवी गाडी होती. वहिनींनी उस्तादांच्या बाटलीतलं तेच जुनं घट्ट पॉलिश घेतलं आणि डुलक्याने सगळी गाडी घासून काढली. आत ट्यूबलाइटखाली ती झकास दिसली. मालकाने ती उन्हात नेली, दहा पावलं मागे सरून पाहिली आणि परत आत आणून लावली. आरशावर श्वास सोडावा तसा एक दुधट पडदा साऱ्या बॉनेटवर पसरला होता.

उस्ताद म्हणाले, “मी सांगत होतो. हे मशीन म्हणजे खेळणं आहे.”

नणंद वहिनींना म्हणाली, “काय झालं ते शोधा. मशीन परत करायचं असेल तर तेही सांगा. पण आधी शोधा.”

वहिनींनी मागच्या अंगणात पडलेलं एक भंगारातलं काळं बॉनेट धुऊन घेतलं, दोन स्टुलांवर आडवं टाकलं आणि कारखान्यातली दहा पट मोठं दाखवणारी भिंगाची नळी डोळ्याला लावली. पॉलिश म्हणजे शेवटी काय, तर लोण्यासारख्या लेपात कालवलेले बारीक कण. भिंगांच्या कामात त्यांनी तेच केलं होतं, जाड कणांपासून बारीक कणांपर्यंत उतरत जायचं. उस्तादांच्या पॉलिशमधले कण सुरुवातीला जाड असत. जड मशीनच्या दाबाने आणि उष्णतेने ते चुरडत जात, बारीक होत, आणि शेवटी तेच कण चमक देत. डुलक्याला तेवढी आचच नव्हती. कण अर्धवट तुटत, जाडच राहत आणि रंगावर हजारो बारीक ओरखडे सोडून जात. त्या ओरखड्यांचाच तो दुधट पडदा होता.

“मशीन चुकलं नाही,” त्या नणंदेला म्हणाल्या. “बाटली चुकली.”

मग त्यांनी वेगवेगळ्या पॉलिशच्या लहान नमुना बाटल्या मागवल्या. ज्यातले कण पहिल्यापासूनच एकसारखे बारीक असतात, चुरडण्यावर अवलंबून नसतात, अशी पॉलिश. काळ्या बॉनेटवर टेप लावून चौकोन पाडले. एका चौकोनात एक बाटली, एक स्पंज, मोजून सहा फेऱ्या. कोणतं लवकर वाळतं, कोणतं पिठासारखं उडून नाकात जातं, कोणतं पुसताना चिकटून बसतं, सगळं वहीत लिहिलं. त्या मोजमापात आठवडा गेला. शेवटी कपाटात तीनच बाटल्या राहिल्या: एक सौम्य, एक मध्यम, एक कडक. मालकाने तोवर घरी नेलेली हिरवी गाडी त्यांनी स्वतः त्याच्या दारात जाऊन मागून आणली आणि सौम्य बाटलीने पुन्हा केली. या वेळी मालक उन्हात बराच वेळ उभा राहिला आणि गाडी घेऊन गेला.

तेव्हापासून त्यांचा एक नियम ठरला. कोणतीही गाडी येवो, आधी हातभर जागेवर सौम्य बाटली लावून पाहायची. तिने भागलं तर पुढे जायचं नाही. उस्तादांना हे बघवत नसे.

“अशाने गाडी चमकेपर्यंत मी म्हातारा होईन,” ते म्हणत.

“व्हायचं काही शिल्लक आहे का?” नणंद आतून विचारी.

त्यानंतर दातांचे डॉक्टर आले. त्यांच्या काळ्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे होते. तीन दुकानांनी ती पॉलिश केली होती. तिन्ही वेळा ती चकाकली आणि दोनतीनदा धुतल्यावर जाळी परत वर आली.

“चौथ्यांदा फसायला आलोय,” डॉक्टर म्हणाले.

वहिनींनी फडक्यावर स्पिरिट घेतलं आणि बॉनेटचा एक कोपरा पुसला. जी थोडीफार चमक होती तीही गेली आणि खालची जाळी लख्ख दिसू लागली.

“यांनी ओरखडे काढलेच नाहीत, डॉक्टर. तेलकट भर घालून बुजवले. नव्याचे नऊ दिवस.”

उस्ताद मागे उभे होते. ते म्हणाले, “कडक बाटली घ्या आणि एकदाचं मुळापासून काढा.”

वहिनींनी रंगाची जाडी मोजायचं लहान यंत्र गाडीभर फिरवलं. दारांवर आकडा ठीक होता. बॉनेटवर तो बराच खाली आला. तीन दुकानांनी ओरखडे ठेवले होते, पण वरचा पारदर्शक थर मात्र खाऊन टाकला होता. कडक बाटलीने काम एका दुपारी झालं असतं आणि बॉनेटचं आयुष्य तिथेच संपलं असतं. सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी उरात खुपसून घेत नाही.

शितावरून भाताची परीक्षा करावी तशी त्यांनी डिकीच्या झाकणावर टेप लावून जागा पाडली. मऊ स्पंज, सौम्य बाटली, सहा फेऱ्या, मग स्पिरिट. जाळी जवळजवळ गेली होती. रंग मऊ होता, त्याला जास्त काही लागतच नव्हतं.

“सगळी जाळी जाईल,” त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. “पण बॉनेटवरचे हे दोन खोल ओरखडे मी काढणार नाही. काढले तर खालचा रंग उघडा पडेल.”

“बाकीचे तिघं म्हणाले होते, सगळं जाईल.”

“हो. आणि थरही गेला.”

डॉक्टर वाकून त्या दोन ओरखड्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “माझ्याकडे लोक येतात, दात पांढरेशुभ्र करून द्या म्हणतात. दाताचं वरचं कवच एकदा घासलं की परत येत नाही, हे सांगितलं की रागावतात आणि दुसरीकडे जातात.” त्यांनी किल्ली वहिनींच्या हातात दिली. “राहू द्या ते दोन.”

काम दोन दिवस चाललं. उस्ताद येता-जाता डोकावत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी स्वतःच फडकं स्पिरिटमध्ये बुडवलं आणि बॉनेटपासून डिकीपर्यंत सगळी गाडी पुसून काढली, चोरी पकडायला निघाल्यासारखी. काही सापडलं नाही. त्यांनी फडकं दोरीवर वाळत टाकलं आणि म्हणाले, “डुलकं बरं आहे.”

सहा आठवड्यांनी डॉक्टर चिखलाने माखलेली गाडी घेऊन आले. “माझ्यासमोर धुवा,” एवढंच म्हणाले. धुतली, पुसली, उन्हात काढली. बॉनेटवर समोरचा विजेचा खांब तारांसकट दिसत होता आणि ते दोन ओरखडे होते तिथेच होते. डॉक्टरांनी त्यांवरून बोट फिरवलं, मान हलवली आणि दुसऱ्याच दिवशी बायकोची पांढरी गाडी पाठवून दिली.

ही गाडी निराळीच निघाली. सौम्य बाटलीने तिच्यावरचा एकही ओरखडा गेला नाही. मध्यम लावली, तरी तेच. जाडी मोजली तर थर भरपूर, आणि रंग दगडासारखा टणक. उस्ताद कोपऱ्यात उभे होते, आता या काय करतात ते बघत.

वहिनींनी कडक बाटलीचं झाकण उघडलं, जाड स्पंजावर चार थेंब टाकले आणि मशीन दारावर टेकवलं.

“कडक?” उस्तादांनी विचारलं.

“हिला तीच लागते,” वहिनी म्हणाल्या आणि बटण दाबलं.