मामांचा संशय आणि मामीचा झेंडा

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा माझा विश्वासच बसेना... ही सवय खरी तर त्यांची. नळदुर्गचे माझे मामा, भूगोलाचे निवृत्त मास्तर, कशावरच विश्वास ठेवायचे नाहीत. दूधवाल्याच्या मापावर नाही, डॉक्टरच्या गोळीवर नाही आणि झेंड्यावर तर मुळीच नाही. चौकात नवा झेंडा लागला की चष्मा पुसून बघायचे आणि हमखास विचारायचे, "कापड कुणी दिलं?"

गिरिजामामी कलबुर्गीकडची, कानडी. लग्नानंतर तिच्या ट्रंकेतून कर्नाटकाचा झेंडा निघाला, वर पिवळा, खाली लाल. तिच्या माहेरी राज्याच्या वाढदिवसाला तो दारावर लागायचा. तसा इथंही लावावा, एवढीच तिची हौस. मामांना मात्र त्यात भलताच वास आला. सीमेजवळचं गाव, त्यात मास्तराचं घर!

"ह्याचा अर्थ काय?"

"हळद आन् कुंकू," मामी म्हणाली.

"ते झालं सांगायचं. मनात काय हाय ते कुणाला ठावं?"

झेंडा परत ट्रंकेत गेला आणि किल्ली मामांच्या जानव्याला. दरवर्षी मामी विचारायची, "लावू का औंदा?" दरवर्षी मामा पेपरात तोंड खुपसायचे. मला त्यांचा भारी राग यायचा, अजूनही थोडा येतो.

यंदा संक्रांतीला मी मामीच्या सोबतीला होते. समोरच्या काकू हळदीकुंकवाचं बोलावणं करत गल्लीभर फिरल्या. आमच्या दारापाशी आल्या, पदर सावरला आणि पुढच्या घरी गेल्या. मामीनं जन्मभर ज्यांना वाण दिलं, त्याच ह्या काकू... मामी उठली. आत जाऊन तिनं ट्रंक उघडली.

मला वाटलं होतं, झेंड्याला कसर लागली असेल. तो स्वच्छ होता, घडीत डांबराच्या गोळ्या आणि कडेला नवी शिवण. शाळेतले फाटके नकाशे मामा ज्या जाड दोऱ्यानं शिवायचे, तोच दोरा.

"दवाखान्यात किल्ली दिली मला," मामी म्हणाली. "म्हनले, गिरिजे, ह्या गल्लीचा मला भरवसा न्हाय. मी गेल्यावर बाया तुला कुंकू लावायच्या न्हायत. तवा हे दारात लाव."

काठी कुठून आणायची? मामांची नकाशा दाखवायची छडी कोपऱ्यात होती. मामीनं तिलाच झेंडा बांधला आणि छडी दाराच्या कडीत खोचली.

संध्याकाळी काकू आल्याच. वर बघत, जरा दबक्या आवाजात म्हणाल्या, "हे कापड कुणी दिलं हो?"

"मालकांनी," मामी म्हणाली.