मागचा डावा पाय

एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी करून निवृत्त झालो आणि आता वर्षातून दोनदा घोड्यांच्या स्पर्धेत पंच म्हणून बसतो, असं सांगितलं की पौडच्या स्टँडवरचे जुने सोबती हसतात. हसू देत. आमच्याकडच्या एका शेतावर हौशी घोडेस्वार जमतात. पडीक भातखाचरांतून दौड असते, वाटेत ओंडके, कुंपणं, चर असे अडथळे असतात आणि प्रत्येक अडथळ्यापाशी एक पंच लागतो. पहिल्या वर्षी पंच कमी पडले म्हणून आयोजक माझ्या दारात आले. मला शिट्टी वाजवता येते, घड्याळ बघून नोंद करता येते आणि माणसांशी भांडता येतं. एवढं पुरे, म्हणाले.

स्वारांना नियमांचा जाच वाटतो. हेल्मेट ठरावीक दर्जाचंच हवं, अंगात कवच हवं, अँब्युलन्स उभी नसेल तर पहिला घोडासुद्धा सुटत नाही. या सगळ्यानं प्रवेश फी वाढते आणि कुरकुर सुरू होते. मी ती ऐकून घेत नाही. गेल्या वर्षी एक बडे गृहस्थ माझ्या चरापाशी पडले आणि उठून पुन्हा रिकिबीत पाय घालायला लागले. पडलं की त्या दिवसापुरता खेळ संपला, असा नियम आहे. "मला काही झालेलं नाही," ते म्हणाले. मी म्हणालो, "ते तुमी न्हाई, डॉक्टर सांगंल. पाय काढा." शिव्या खाल्ल्या, पण लगाम सोडला नाही.

एकच नियम मला सलतो. पंचाचा निर्णय पटला नाही तर लेखी हरकत घेता येते, पण अर्जासोबत अनामत भरावी लागते आणि हरकत फेटाळली तर ती बुडते. गाडीत एखादा प्रवासी माझ्यावर चिडला की मी स्वतःच तक्रारवही त्याच्या पुढ्यात ठेवायचो. तक्रार करायला पैसे कसले? आयोजक म्हणतात, अनामत नसली तर जो तो उठून हरकत घेईल. घेऊ दे की! यंदा या अनामतीवरूनच मी तोंडघशी पडलो.

हिंजवडीत नोकरी करणारी, नेऱ्यात खोली घेऊन राहणारी लातूरकडची एक मुलगी आहे. स्वतःचा घोडा नाही. तबेल्यातला भाड्यानं घेऊन तीन वर्षं शनिवार-रविवार शिकतेय. यंदाची दौड दंडाशिवाय झाली तर तिला वरच्या गटात जाता येणार होतं. आदल्या दिवशी अडथळे पायी बघत ती माझ्या चरापाशी आली, तेव्हा माझ्या डब्यातली भाकरी खाताखाता तिनंच हे सांगितलं. पोर मला आवडली. ती वर जावी असं मनापासून वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तिचा घोडा सुसाट आला आणि चराच्या काठावर थबकला. चरासाठी नियम थोडा सैल आहे. घोड्यानं थबकून जागच्या जागी उडी मारली तर दंड नाही. पण एक पाय जरी मागं पडला तरी तो नकार, आणि वीस दंडगुण. तिच्या घोड्यानं मागचा डावा पाय वीतभर मागं टाकला आणि मग उडी घेतली. मी कागदावर वीस लिहिले.

दौड संपल्यावर मांडवात गलका झाला. तबेल्यातले तिचे सोबती म्हणत होते, घोडा मागं सरकलाच नाही. मोबाइलवरचं चित्रण समोरून होतं, त्यात मागचे पाय दिसेनात. जमिनीवरचे ठसे पुढच्या घोड्यांनी तुडवले होते. फौजेतून निवृत्त झालेले आमचे मुख्य पंच म्हणाले, "लेखी हरकत द्या. पुरावा स्पष्ट नसेल तर फायदा स्वाराला." म्हणजे हरकत आली की माझे वीस गुण पुसले जाणार, हे जवळजवळ ठरलेलंच होतं. ती मात्र हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत गप्प उभी होती. घोड्याचं भाडं, फी, त्यात महिनाअखेर. पोर पैशापायी अडलीय, असं मी धरून चाललो. माझं डोकंच फिरलं. खिशातले पैसे काढून टेबलावर ठेवले.

"ही घ्या अनामत. हिची हरकत लिवून घ्या."

मुख्य पंच बघतच राहिले. "अहो, हरकत तुमच्याच विरुद्ध आहे."

"व्हय. मी पाय बघितलाय, मी हटणार न्हाई. पर पैसं न्हाईत म्हनून कुनी गप बसायचं न्हाई."

सगळे हसले. सोबत्यांनी भराभर अर्ज भरला आणि सहीसाठी तिच्यापुढं सरकवला. तिनं पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"काका, मी पैशासाठी गप्प नव्हते," ती म्हणाली. "पाय मागं गेला होता. मागचा डावाच. वर बसून मला कळलं होतं. सगळे माझ्या बाजूनं भांडत होते, म्हणून तोंड उघडवेना."

तिनं टेबलावरचे पैसे उचलून माझ्या हातात दिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वरचा गट आता पुढच्या खेपेपर्यंत लांबला होता. न विचारता तिला गरीब ठरवलं याची मला लाज वाटली, आणि त्याहून मोठा वाटला तो अभिमान. माझी कुणी लागत नव्हती, तरी छाती भरून आली.

"चला, विषय संपला," मुख्य पंच म्हणाले.

"न्हाई संपला. स्वारानं सोताहून कबूल केलं, असं माज्या कागदावर लिवायचं हाय."

"त्याला रकाना नाही."

"मग समासात लिवतो."

लिहिलं आणि खाली सही केली. तिनं ते वाचलं, बाहीनं डोळे पुसले आणि माझ्या सहीशेजारी आपली सही केली. नियमात ते बसतं का, हे मी कुणाला विचारलं नाही.