हिरव्यावर विश्वास नसलेल्या बाई

आमच्या ऑफिसात बाई म्हणजे एकच. पंधरा वर्षं शाळेत गणित शिकवून चाळिशीत जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकल्या आणि आमच्या चुका काढायला इथे आल्या. त्यांची एक खोड होती. प्रोग्राम तपासणाऱ्या सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास झाल्या, की एखादीत मुद्दाम चुकीचं उत्तर लिहायचं आणि ती लाल होते का बघायचं. मी टीमचा प्रमुख, मला त्याचा जाम राग यायचा.

"अहो बाई, किती तो संशय!"

"संशय नाही रे, सवय."

लहान मुलांच्या औषधाचा डोस वजनावरून काढणारा आमचा प्रोग्राम. आईच्या आजारपणामुळे बाई महिनाभर रजेवर होत्या, तेव्हा मी त्याचे बंदिस्त तुकडे, म्हणजे मॉड्यूल्स पाडली आणि टेस्ट वेगळ्या फोल्डरात हलवल्या. बिल्ड, म्हणजे प्रोग्राम जोडून टेस्ट चालवणारी यंत्रणा, हिरवा आला. स्वतःचीच पाठ थोपटून मी नवी आवृत्ती हॉस्पिटलला धाडलीसुद्धा.

बाईंनी परत आल्या आल्या एका टेस्टमध्ये चुकीचं उत्तर लिहिलं. बिल्ड हिरवाच!

"अरे, हा बिल्ड टेस्ट चालवतोय तरी का?"

मी तपासलं. बिल्डच्या फाइलमध्ये नव्या फोल्डरचा पत्ता द्यायचाच राहिला होता. टेस्ट सापडल्या शून्य, म्हणून नापासही शून्य. पत्ता दिला, तर बंदिस्त मॉड्यूल टेस्टना आतला कोड बघू देईना.

"सगळ्यांनाच उघडं करून टाकतो," मी वैतागून म्हटलं.

"सगळ्यांना कशाला? टेस्टपुरतं उघड की." त्यांनी बिल्डमध्ये तेवढी एकच ओळ घातली.

तीनशे अकरा टेस्ट चालल्या. बाईंनी चुकवलेली लाल झाली, ती व्हायचीच होती. पण आणखी एक लाल होती. दहा किलोखालच्या मुलांचा डोस दुप्पट निघत होता.

मी लगेच हॉस्पिटलला फोन लावला, बाई शेजारीच कान देऊन होत्या. प्रोग्राम आधी बंद करा, म्हणून सांगितलं. औषध विभागाचे प्रमुख चौकशी करून परत फोनवर आले.

"तसा डोस कुणालाच दिलेला नाही. आमच्या एक सिस्टर हाताने गणित करून बघतात. त्यांना आकडा पटेना. मशीन कसं चुकेल, म्हणून आम्ही त्यांनाच झापलं. परवा वॉर्डातूनही काढलं त्यांना."

मुलं वाचली, एवढंच मला ऐकू आलं. सिस्टरांचं लक्षात यायला मिनिटभर लागलं मला, लाज वाटते सांगायला. बाईंनी फोन घेऊन सिस्टरना बोलवायला लावलं आणि त्या आल्यावर तो माझ्या कानाला लावला.

"तूच सांग."

"सिस्टर, तुमचं गणित बरोबर होतं. चूक माझी," मी म्हटलं.

पलीकडून बराच वेळ नुसतं रडणं ऐकू येत राहिलं.