रुसलेला डावा हात

मी जन्मापासून डावखुरी. बाबा पंचगंगेजवळच्या मंदिरात पुजारी. त्यांना हे कसं खपणार? डावा हात पुढे आला की चापटी पडायची. शाळेत जायच्या आधीच मी मुकाट्याने उजव्या हाताने जेवायला लागले.

सातव्या वर्षी डोक्यात कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, बरी होऊन मी पुन्हा घाटावर हुंदडू लागले. तिशीत एका सकाळी उजव्या हातातून चहाचा कप निसटला. पक्षाघात! डॉक्टर म्हणाले, लहानपणच्या रेडिएशनने मेंदूतल्या रक्तवाहिन्या अरुंद होत गेल्या असाव्यात. ज्या उपचाराने जीव वाचवला, त्यानेच उजवा हात मागून घेतला म्हणायचा.

फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, डाव्या हाताने लिहायला वर्ष लागेल. महिन्याभरात मी सही करून दाखवली. त्या थक्क! हा हात इतकी वर्षं रुसून बसला होता, बोलावणं येताच चपला घालून तयार.

मंदिरात जाणं मात्र मी टाळत होते. शेवटी एकादशीला गेले. रांगेत माझा नंबर आला. समोर बाबा, हातात तीर्थाची पळी. मी चिडूनच डावा तळवा पुढे केला. बाबा थांबले. जुन्या सवयीने मी डोळे मिटले आणि चापटीची वाट पाहिली.

तळव्यावर गार तीर्थ पडलं.

“पी लवकर,” बाबा खेकसले, “मागे रांग लागलीय.”