येडशीच्या डोंगरावरचा खोकला

येडशीचा डोंगर चढताना एका गृहस्थांनी मला विचारलं, "थकलात का हो?" आणि मी "हो" म्हणालो. थकलो मुळीच नव्हतो. पण नाही म्हणायच्या ठिकाणी हो म्हणायची मला जुनी खोड आहे.

विचारणारे गृहस्थ कुर्डुवाडीचे, रेल्वेच्या मालधक्क्यावर हेडक्लार्क. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. त्यांच्या थोरल्या मुलाशी माझ्या मुलीचं जमवायचं चाललं होतं. मुलगी पाहून झाली होती, पत्रिका जुळली होती, त्यांचा होकार तेवढा यायचा होता. याआधीची दोन स्थळं इथवर येऊनच परत गेली होती. त्यामुळे टपालवाला गल्लीत शिरला की आमच्या घरात सगळे गप्प होत.

हे स्थळ आणलं ते माझ्या शाळासोबती मास्तरांनी. डोंगराची टूमही त्यांचीच. "भाऊसाहेबांना निसर्गाची हौस आहे. चार मित्र मिळून येडशीला जाऊ. चालता चालता माणूस मोकळा होतो. होकार काढूनच परत येऊ." आमच्या गल्लीतले एक सुताचे व्यापारीही निघाले, ते कशालाही निघत. निघताना बायकोने मला बजावलं, "मुलाचे वडील आहेत. त्यांच्या पुढे जाऊ नका."

कुर्डुवाडीला भाऊसाहेबांना बरोबर घेऊन आम्ही छोट्या रेल्वेगाडीने निजामाच्या मोगलाईत येडशीला उतरलो. मार्गशीर्षातलं कोवळं ऊन होतं. सोलापूरकराला डोंगराची सवय कुठली? आमच्याकडे चढ म्हणजे स्टेशनचा जिना. पण गिरणीच्या कचेरीत मी रोज पायी जातो-येतो, त्यामुळे पाय बरे होते. मास्तर आणि व्यापारी सरळ पुढे निघून गेले. त्यांना मुली नाहीत. मी भाऊसाहेबांच्या मागे एक पाऊल ठेवून चालू लागलो.

भाऊसाहेब देहाने भारदस्त. अंगात गळाबंद कोट, हातात छत्री. वीसेक पावलं गेल्यावर ते थांबले आणि धोतराचा काचा नीट केला. मीही केला. आणखी वीस पावलांवर छत्री रोखून त्यांनी विचारलं, "हे झाड कसलं हो?"

"बाभूळ."

"अस्सं," म्हणून ते बाभळीकडे बराच वेळ बघत राहिले. कुर्डुवाडीत बाभळीच बाभळी आहेत. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा त्यांचा चेहरा वांग्यासारखा झाला होता. तेव्हा त्यांनी मला तो प्रश्न विचारला आणि मी हो म्हणालो.

"मग बसा की जरा. संकोच कसला?" असं म्हणून आधी तेच बसले.

तिथून पुढे थकायचं खातं माझ्याकडे आलं. ते माझ्याकडे वळून बघत, मी गुडघ्यांवर हात टेकून वाकत असे, मग आम्ही बसत असू. सगळं सुरळीत चाललं होतं. पण एखादं काम अंगावर घेतलं की ते मन लावून करावं, असा माझा स्वभाव. पाचव्या की सहाव्या बैठकीला नुसतं वाकणं मला कमी वाटलं, म्हणून मी खोकलो. चांगला वठला, म्हणून पुढच्या बैठकीला पुन्हा खोकलो.

माथ्यावर पोचलो तेव्हा मास्तर आणि व्यापारी भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीचं गाठोडं सोडून बसले होते. भाऊसाहेबांनी चार घास खाल्ले. मग माझ्याकडे न बघता हळूच विचारलं, "हा खोकला कधीपासून?"

"कसला? छे, छे."

"नवा नव्हे हो," मास्तर उत्साहाने म्हणाले. "शाळेत कवायतीच्या तासाला खोकूनच सुटी मिळवायचा!"

मास्तर एकटेच हसले. भाऊसाहेबांनी हातातला घास खाली ठेवला.

"लहानपणापासूनचाच म्हणायचा. घरात आणखी कुणाला? म्हणजे... मुलीला वगैरे?"

माझ्या घशात भाकरी अडकली. खोकायची सोय नव्हती. क्षयाचा नुसता संशय आला तरी स्थळं कशी पळतात, ते मी पाहिलेलं होतं. खरं सांगावं, तर मुलाच्या वडिलांना तोंडावर म्हणायला हवं होतं की दम तुम्हाला लागला होता, मी आपला साथीला होतो. न सांगावं, तर धडधाकट पोरीच्या छातीला रोग चिकटत होता.

तेवढ्यात व्यापारी म्हणाले, "पाणी संपलं की हो." झरा निम्म्या वाटेवर राहिला होता. मी चारी फिरकीचे तांबे पिशवीत घातले. "मी आणतो," म्हणालो आणि उतारावर धावत सुटलो.

झऱ्यावर एक धनगर मेंढ्यांना पाणी पाजत होता. त्याने आधी माझ्या मागच्या वाटेकडे बघितलं.

"पावनं, मागं काय लागलंय का?"

"नाही, नाही. पाणी न्यायला आलोय."

"मग पळताय कशापायी? झरा कुटं पळतूय व्हय?"

त्याला माझ्या मुलीच्या लग्नाची हकिगत सांगायला वेळ नव्हता. तांबे भरले आणि भरल्या पिशवीनिशी, कुठेही न बसता, तोच चढ पळत चढून वर आलो. शेवटच्या वळणाआड उभं राहून आधी जमेल तेवढी धाप जिरवली आणि तोंड मिटून सावकाश समोर गेलो.

"इतक्यात आलात?" भाऊसाहेब म्हणाले.

मी मान हलवली. तोंड उघडलं असतं तर भात्यासारखा आवाज आला असता.

ते पाणी प्यायले. खालच्या वाटेकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग मघाशी चढताना थकलात ते?"

व्यापाऱ्यांनी चटणी पुढे सरकवली. भाऊसाहेबांच्या कानांच्या पाळ्या हळूहळू लाल होत गेल्या, आणि त्यांना सगळं कळल्याचं मला कळलं. आता स्थळ गेलं ते रोगामुळे नव्हे, अपमानामुळे, एवढाच फरक, असं मी मनाशी म्हटलं.

उतरताना त्यांनी मास्तरांना आणि व्यापाऱ्यांना पुढे जाऊ दिलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला, थोडा आधारासाठीही असेल.

"एक सांगून ठेवतो," ते म्हणाले. आवाज मालधक्क्यावरचा नव्हता. "मुलगा आईवर गेलाय. त्याच्या आजोळी सगळ्यांची छाती ठणठणीत आहे. काळजी करू नका."

"अहो, मी कुठे काय म्हणालो?"

"म्हणाला नाहीत, तेच." दहा पावलं ते छत्री टेकत उतरले. "आमच्याकडून होकार समजा. पत्र टाकतो. आणि हे चढाचं... आमच्या घरात कळायला नको."

घरी आलो आणि बायकोला पहिल्यापासून सगळं सांगितलं, खोकल्यासकट. होकाराचं ऐकून ती देवापुढे साखर ठेवायला उठेल, असा माझा अंदाज होता. ती उठली नाही. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "आपल्या पोरीला त्यांनी भरल्या माजघरात चालून दाखवायला लावलं. मग मुलालाही एकदा डोंगर चढून दाखवू दे. आपला होकार त्यानंतर कळवू."